पांढऱ्या चौकोनातलं कुंकू

प्रमोद खंदारे यांना यंत्रांचं वेड होतं असं कुणी म्हणालं, तर ते खुद्द त्यांनाच पटलं नसतं. त्यांना वेड होतं ते मैदानाचं. विद्यार्थ्यांचे रोबो ज्यावर पळतात ते पांढरं, सपाट, काळ्या रेषेचं मैदान. रोबो पोरं बनवायची, कौतुक पोरांचं व्हायचं, पेपरात फोटो पाहुण्यांचा यायचा. मैदानाकडे कुणी बघायचं नाही. ते बिघडलं तरच लोकांना आठवायचं, आणि ते बिघडू नये यासाठी वसमतच्या बाहेरच्या त्या तंत्रनिकेतनात एक माणूस होता.

ते हट्ट्याचे. वडील पुंजाजी दुसऱ्याच्या शेतात राबत राबत शेवटी सोसायटीच्या गोदामात हमालीला लागले. घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो, खाली एक फळी, फळीवर प्रमोदची पुस्तकं. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग नोकरी करत करत डिग्री. शिकत असताना शिष्यवृत्तीच्या खिडकीवर त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. नियम एकच असायचा, पण तो प्रत्येकाच्या कानात वेगळा सांगितला जायचा. एका पोराला कागद पुरायचा, दुसऱ्याला तोच कागद घेऊन परत जिल्ह्याच्या गावाचा फेरा पडायचा. खंदारेंनी यावर कधी भाषण केलं नाही. पण पुढे जेव्हा नियम सांगायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते कानात सांगायचं त्यांनी साफ नाकारलं.

स्पर्धा सुरू झाली दोन हजार दोन साली. जिल्हा तेव्हा नवा होता आणि सगळ्यांनाच काहीतरी पहिलं करायची घाई होती. पहिल्या वर्षी प्लायवूडवर काळ्या ऑइलपेंटनं रेषा मारली. रेषा सुंदर दिसली. पण ट्यूबलाइट लागल्याबरोबर ती इतकी चमकायला लागली, की रोबोच्या सेन्सरना काळं आणि पांढरं एकच दिसू लागलं. झाडून सगळ्या गाड्या भिंतीवर जाऊन आदळल्या. दुसऱ्या वर्षी काळी इन्सुलेशन टेप लावली, तर उन्हानं तिचा गोंद सुटला आणि कडा उचलल्या गेल्या. खिडकीतून येणारं ऊन सरकत सरकत मैदानावर आलं, की सकाळी नीट पळालेली गाडी दुपारी वेड्यासारखी करायची. मग हळदीच्या आडतीतून रिकामी पोती आणून खिडक्या बंद केल्या. ऊन थांबलं, पण पोत्यांतून पिवळी भुकटी मैदानावर गळायला लागली. दोन हजार चारपासून त्यांनी नांदेडहून फ्लेक्सवर छापून आणलेलं मैदान वापरायला सुरुवात केली. त्यावर बूट घालून जायचं नाही, असा नियम केला. पोरं हसली. पण मैदानात उतरताना प्राचार्यसुद्धा चपला काढू लागले.

नियमांचं तसंच झालं. दुसऱ्या वर्षी एका मास्तरांनी एका संघाला सांगितलं, गाडी अडली तर बोटानं ढकलली तरी चालेल. दुसऱ्यांनी दुसऱ्या संघाला सांगितलं, हात लावलात तर बाद. दोन्ही संघ भांडत ऑफिसात आले. त्यानंतर खंदारेंनी हॉलच्या दारात एक फळा उभा केला. ज्याला शंका असेल त्यानं ती मोठ्यानं विचारायची. खंदारे ती विचारली तशी फळ्यावर लिहिणार, खाली उत्तर लिहिणार, आणि मग ते उत्तर सगळ्यांचं. चहाच्या टपरीवर कुणी गोड बोलून काही विचारलं, तर ते म्हणायचे, "फळ्यापाशी चला." पोरांनी त्यांचं नावच फळासर ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं.

या सगळ्या कामात त्यांच्या जोडीला अमरसिंग चव्हाण होते. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, वयानं थोडे मोठे, औंढ्याकडच्या एका तांड्यावरचे. करवत, रंधा, वेल्डिंग सगळं त्यांच्या हातात. मैदानाची लाकडी चौकट तेच बनवायचे. वर्कशॉपची एक रीत होती. नवं यंत्र किंवा नवं काम पहिल्यांदा चालवायचं, तर आधी कुंकवाचं बोट लावायचं, बाहेर पायरीवर नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी चौकट उभी राहिली तेव्हा अमरसिंगांनी नारळ खंदारेंच्या पुढे केला.

"घ्या सर, मैदान तुमचं, नारळ तुमी फोडा."

खंदारे क्षणभर नारळाकडे बघत राहिले. हात जोडून उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं, आणि सगळ्यांनी हात जोडलेले असताना नुसतं उभं राहणंही. ते म्हणाले, "तुमी करा भाऊ. मी जरा जनरेटर बघून येतो."

जनरेटर चांगलाच चालू होता. पण ते गेले, आणि नारळाचा आवाज आल्यावर परत आले. दुसऱ्या वर्षी अमरसिंगांनी नारळ पुढे केला नाही. उलट पूजेची वेळ झाली की तेच मोठ्यानं म्हणायचे, "खंदारे सर जनरेटरकडं गेलेत, चला, उरकून घेऊ." कुणी विचारायच्या आत उत्तर देऊन ठेवायची ती त्यांची तऱ्हा होती. दोघांमध्ये या विषयावर एक शब्दही कधी झाला नाही. असा करार बोलून होत नाही.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत मात्र एक फरक पडला. त्या साली पहिल्यांदाच जिंकणाऱ्या संघाला पुण्याच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धेत थेट जागा मिळणार होती. त्यामुळे संघ जास्त आले, मोठ्या शहरातलं एक कॉलेज आलं, आणि उद्घाटनाला पाहुणेही भारदस्त आले. दरवर्षी अमरसिंग लाकडी चौकटीला एक बोट लावून मोकळे व्हायचे. या वेळी कुंकवाची वाटी पाहुण्यांच्या हातात गेली. पाहुण्यांनी इकडे तिकडे बघितलं. समोर ते लखलखीत पांढरं मैदान, त्यात जिथून गाडी सुटते तो रिकामा चौकोन. त्यांनी चपला काढल्या, वाकले, आणि त्या चौकोनात, काळ्या रेषेला लागूनच, अंगठ्यानं ऐसपैस स्वस्तिक काढलं. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. खंदारे तेव्हा बाहेर जनरेटरपाशी उभे होते आणि त्याची डिझेलची टाकी उगीच उघडून बघत होते.

ते आत आले तेव्हा पहिला संघ मैदानाशी उभा होता. लाल खूण त्यांना दिसली. पण गाडी कुंकवावरून सरळ निघून गेली, रेषा धरून वळणं घेत शेवटाला पोचली. दुसरी गेली. तिसरी, त्या शहरातल्या कॉलेजची, तर इतकी सफाईदार गेली की पोरं शिट्ट्या मारायला लागली. खंदारेंनी त्या खुणेचा विचार सोडून दिला.

मग सुनिता आडेचं नाव पुकारलं. ती हिंगोलीला शेवटच्या वर्षाला होती, आणि ही तिची शेवटची स्पर्धा. तिच्या गाडीचं अंग डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं, मोटरी जुन्या टेपरेकॉर्डरच्या. बाकीच्यांचे सेन्सर तयार विकत आणलेले होते, माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांवर चालणारे. तिला ते मिळाले नव्हते. तिनं साधे हिरवे दिवे आणि उजेड ओळखणारे छोटे भाग जोडून स्वतःच सेन्सर बांधले होते. गेल्या साली अशाच गाडीनं तिचा तिसरा नंबर आला होता.

तिनं गाडी चौकोनात ठेवली. शिट्टी झाली. गाडी वीतभर पुढे गेली, थबकली, डावीकडे वळली आणि गोल गोल फिरायला लागली.

"अबे, फुगडी घालून राहिली!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

गाडी फिरतच होती. वेळ संपल्याची शिट्टी झाली. सुनितानं गाडी उचलली, छातीशी धरली आणि तिथंच उभी राहिली. तिच्या जोडीदारानं, रणजीतनं, तिची बाही ओढली. ती हलली नाही.

"सर, शंका हाय," ती म्हणाली.

"फळ्यापाशी चला."

फळ्यापाशी आल्यावर मात्र तिचा आवाज खाली गेला. "सर, तिथं ते... लाल जे हाय ना..."

"मोठ्यानं बोला. सगळ्यांना ऐकू यायला पाहिजे."

रणजीत हळूच म्हणाला, "जाऊ दे ना सुने. पूजेचं हाय ते. उगंच लोकं काय म्हणतील."

"पूजेचं हाय म्हणून तर बोलता येऊन न्हाई राहिलं," ती त्याच्यावरच खेकसली. मग गाडी तिनं टेबलावर ठेवली, चालू केली आणि खंदारेंना म्हणाली, "तुमीच बघा. मी न्हाई बोलत." तिनं सेन्सरखाली पांढरा कागद धरला, गाडीवरचा छोटा दिवा विझला. काळी टेप धरली, दिवा लागला. मग तिनं पूजेच्या वाटीतलं चिमूटभर कुंकू कागदावर पसरलं आणि तो कागद खाली सरकवला. दिवा लागला.

हिरव्या उजेडाला लाल रंग काळा दिसतो. यात नवं काही नव्हतं, वर्गात ते खंदारेंनीच शिकवलं असतं. इतर गाड्यांच्या किरणांना कुंकू पांढरं दिसलं, हिच्या दिव्यांना ते रेषेचाच भाग वाटलं. गाडी तिच्या परीनं नियम पाळत होती. स्वस्तिकाची रेषा धरून ती फिरत राहिली होती.

शहरातल्या कॉलेजचे मास्तर पुढे आले. "सर, हा मैदानाचा दोष कसा? आमची गाडी गेली ना त्याच्यावरून? सेन्सर हलका लावला, त्याची जबाबदारी संघाची. नियमात आहे."

नियमात होतं. गाडीतल्या दोषासाठी पुन्हा फेरी नाही. पण नियमात हेही होतं की रेषा काळी, जमीन पांढरी, आणि तिसरा रंग मैदानात नाही. दोन्ही वाक्यं खंदारेंनीच लिहिली होती.

प्राचार्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. "खंदारे, पोरीला फेरी देऊन टाका, आमचं म्हणणं नाही. पण कारण व्होल्टेज लिहा. पाहुणे अजून चहाला बसलेत. ते कुंकू-बिंकू फळ्यावर नको."

"सर, गाडी बॅटरीवर चालते."

"कोण बघतं?"

"आणि व्होल्टेज लिहिलं तर कुंकू तिथंच राहील. ती पुन्हा फुगडीच घालील."

प्राचार्यांनी पाहुण्यांकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणी लिहिलं तर चाललं असतं हो. तुम्ही लिहिलं, तर त्याचा अर्थ वेगळा निघेल. माझं ऐका."

ते दुष्टपणानं बोलत नव्हते. खंदारेंनाही ते समजत होतं. अर्थ वेगळा निघणारच होता. तो कसा निघेल, कुठल्या टपरीवर निघेल, कुणाच्या तोंडून, हेही त्यांना बसल्या जागी सांगता आलं असतं. ते फळ्याकडे आले. सुनिता गाडी बंद करून उभी होती. पुण्याची जागा त्या पत्र्याच्या डब्यात होती, किंवा नव्हती.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "फेरीच्या आधी मैदान तपासत्यात ना?"

"तपासतात. सकाळी तपासलं."

"पूजेच्या नंतर?"

"नाही."

"काहून?"

तिनं ते साधेपणानंच विचारलं होतं. तिला जनरेटरचं काही माहीत नव्हतं. भोवती उभे असलेले इतर सगळे मात्र एकाएकी कुठंतरी दुसरीकडे बघायला लागले. अमरसिंगांनी तोंड उघडलं, बहुतेक नेहमीचं वाक्य बोलायला, पण या वेळी ते उपयोगाचं नव्हतं.

"पूजेला मी थांबत नाही," खंदारे म्हणाले. "बाहेर होतो."

एवढं बोलून त्यांनी खडू उचलला. वर लिहिलं: प्रश्न. सुरुवातीच्या चौकोनातलं कुंकू मैदानाचा भाग आहे का? खाली लिहिलं: नाही. मैदानात काळा आणि पांढरा सोडून तिसरा रंग नसावा. हा मैदानातला दोष. पूजेनंतर मैदान तपासायचं काम मैदानप्रमुखाचं होतं, ते राहिलं. चौथ्या संघाला फेरी पुन्हा. मैदान बदलत असल्यामुळे आधीच्या ज्या संघांना हवी असेल, त्यांनाही.

अक्षर नेहमीसारखंच होतं, तिरकं नाही, घाईचं नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घ्या, फळासरांनी स्पर्धेचं कुंकू पुसलं." दोघं तिघं हसले, मग हसू विरलं.

पुसायचं अजून राहिलंच होतं.

"पुसायचं कशाला?" अमरसिंग जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले. "पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा हाय माझ्यापाशी. वरून चिकटवू. झाकलं की झालं."

"भाऊ, तुकड्याची कड उचलली जाईल. तिच्या गाडीचं पुढचं चाक बारीक आहे, अडकेल. मग पुन्हा फेरी द्यावी लागेल."

"मग?"

"मग तुमीच पुसा. पूजा तुमच्या हातची असते."

अमरसिंगांनी हात पाठीमागे बांधले. "माझ्यानं न्हाई व्हायचं ते. संध्याकाळपर्यंत पुसत नसत्यात. राग येऊ देऊ नको प्रमोद, पण न्हाई व्हायचं."

"राग कशाचा?"

खंदारेंनी टेबलावरून स्पिरिटची बाटली आणि कापूस घेतला. चौकटीशी बूट काढले, मोजे काढले. नियमच होता तसा, कोणीही उतरलं तरी काढावेच लागत. ते अनवाणी मैदानात गेले आणि चौकोनाशी गुडघ्यांवर बसले. आधी कोरड्या कापसानं त्यांनी कुंकू बाहेरून आत, बाहेरून आत असं गोळा केलं, म्हणजे ते पसरणार नाही. मग स्पिरिटचा बोळा, अगदी थोडा ओला, कारण जास्त झालं तर छापलेली काळी रेषाही उठून यायची. ते हळू हात चालवत होते. कुणाला ते कुंकू टाळल्यासारखं वाटलं असेल, कुणाला जपल्यासारखं. खरं तर ते नुसतं काम होतं, आणि ते त्यांना येत होतं. एक बोळा लाल झाला, दुसरा, मग तिसरा गुलाबी. चौकोनात फिकट छटा राहिली, सेन्सरला न कळण्याइतकी.

उठले तेव्हा त्यांच्या ओंजळीत ते लाल बोळे होते. कचऱ्याची टोपली तिथंच, चौकटीच्या कोपऱ्यात होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

"दे इकडं," अमरसिंग म्हणाले. त्यांनी चौकटीवरून हात लांब केला, बोळे घेतले, आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन मातीत दाबून आले.

सुनितानं गाडी ठेवली. शिट्टी झाली. गाडी चौकोनातून निघाली, तिथं ना थबकली ना वळली. पहिलं वळण घेतलं. मधे रेषा मुद्दाम तुटलेली ठेवली होती, तिथं क्षणभर चाचपडली आणि पलीकडची रेषा तिला सापडली. टेपरेकॉर्डरच्या मोटरींचा कण्हल्यासारखा आवाज सबंध हॉलमध्ये ऐकू येत होता. शेवटाची पट्टी ओलांडून ती थांबली. वेळ पुकारली गेली, आणि पोरं बाकांवर चढली. तोवरच्या संघांत सुनिता पहिली आली होती. शहरातल्या संघापेक्षा थोडीशीच, पण पहिली.

तेव्हा शहरातले मास्तर शांतपणे फळ्यापाशी गेले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, आम्हालाही हवी आहे. फेरी."

"घ्या," खंदारे म्हणाले.

"ओ सर!" रणजीत ओरडला. "यांचं मैदान कुठं बिघडलं होतं? यांना काहून?"

खंदारेंनी उत्तर दिलं नाही. ते फळ्यावर होतं.

शहरातल्या गाडीनं दुसरी फेरी घेतली. या वेळी तिच्या पोरांना रस्ता पाठ होता, वळणावरचा वेग त्यांनी वाढवून ठेवला होता. ती सुनिताच्या वेळेच्या आत आली. उरलेल्या संघांपैकी या दोन गाड्यांच्या जवळपास कुणी पोचलं नाही.

निकाल लागला, पाहुण्यांनी ढाली वाटल्या, दुसऱ्या क्रमांकाची ढाल सुनितानं डाव्या हातात घेतली कारण उजव्या हातात गाडी होती. हिंगोलीच्या बसची वेळ झाली होती. रणजीत तणतणत पुढे निघून गेला. ती फळ्यापाशी रेंगाळली, वरपासून खालपर्यंत सगळं पुन्हा वाचलं.

"ती शेवटची ओळ लिहिली नसती तर चाललं असतं का, सर?"

"नाही," खंदारे म्हणाले.

तिनं मान हलवली. राग होता तिच्या चेहऱ्यावर, तो तिनं लपवला नाही. पण तो कुणावर काढावा हे तिला ठरवता येत नव्हतं.

"बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. मग पत्र्याच्या डब्यावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली. "गाडी मात्र नीट गेली."

"नीट गेली."

ती पायऱ्या उतरून गेली. खंदारे अजून अनवाणीच होते. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि फळा वरून खाली पुसायला सुरुवात केली.